जुनं इंजिन आणि पाण्यात उतरायची किंमत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही. पवना आहे, इंद्रायणी आहे, पण त्यांत काही मासेमारीच्या बोटी चालत नाहीत. मग या गावात उभा जन्म काढलेल्या माणसानं ‘जुनी बोट घ्यावी की घेऊ नये’ या विषयावर का बोलावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचं उत्तर सोपं आहे. बोट लाकडाची असो नाहीतर फायबरची, ती चालते इंजिनावर, आणि इंजिन हे आमच्या पंचक्रोशीचं पीक आहे. मावळात भात पिकतो तशी खडकीपासून आकुर्डीपर्यंत इंजिनं पिकतात.

खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ साली सुरू झाला. चिंचवडला रस्टन अँड हॉर्न्सबी या मूळच्या इंग्रज कंपनीचा भारतीय कारखाना होता. यातल्या हॉर्न्सबीची गोष्ट मोठी गमतीची आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन जर्मनीत १८९७ साली यशस्वी झालं. पण त्याच्या पाच वर्षं आधीच, १८९२ साली, इंग्लंडमधल्या ग्रँथम गावी हॉर्न्सबीवाल्यांनी जड तेलावर चालणारं इंजिन बाजारात आणलं होतं. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं, टेल्को आली, बजाज टेंपो आली, आणि बघता बघता या भागातल्या घराघरांत पिस्टन, लायनर, नोझल हे शब्द भाजी-भाकरीसारखे झाले.

मी चिंचवडच्या एका इंजिन कारखान्यात ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीचशी टेस्ट बेडवर. नवं इंजिन तयार झालं की ते एका चौथऱ्यावर बांधायचं, त्याच्या शाफ्टला पाण्यावर चालणारा डायनामोमीटर जोडायचा, म्हणजे त्याच्यावर खोटं ओझं टाकायचं, आणि तासन् तास चालवून बघायचं. किती डिझेल पितं, किती तापतं, धूर कसला टाकतं, हे सगळं वहीत लिहायचं. सतत ओझं ओढायच्या इंजिनाला तर असा नियम असतो, की बारा तासांतला एक तास दहा टक्के जास्त ओझं घेऊनही त्यानं तक्रार करता कामा नये.

माझी धाकटी बहीण हर्णैला दिली आहे. दापोली तालुक्यातलं हर्णै तुम्ही पाहिलं असेल. समोर सुवर्णदुर्ग, आणि संध्याकाळी वाळूवर होणारा मासळीचा लिलाव. तिचा मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल म्हणून जातो. बारा-पंधरा वर्षं त्यानं दुसऱ्याचं सुकाणू धरलं. एके दिवशी त्याचा फोन आला, “मामा, एक बोट विकाऊ आहे. बेचाळीस फुटी. लाकूड चांगलं आहे, पण इंजिन जुनं आहे, वीस वर्षांचं. नाखवा पंधरा लाख म्हणतोय. घेऊ का?”

पंधरा लाख म्हणजे त्याचं सगळं काही. त्यात बायकोचे दागिने आले, बहिणीनं साठवलेले पैसे आले, आणि चार लाखांचं कर्ज आलं. शिवाय त्या बोटीवर त्याच्यासह सहा माणसं समुद्रात जाणार. म्हणजे प्रश्न एका घराचा नव्हता, सहा घरांचा होता.

श्रोतेहो, जुनं इंजिन म्हटलं की लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, “जुनं ते सोनं. आताच्या इंजिनांत दम नाही.” दुसरे म्हणतात, “वीस वर्षांचं? भंगार ते!” मला दोन्ही पटत नाहीत. इंजिनाचं वय कॅलेंडरवर मोजत नाहीत. मोटारीचं किलोमीटरवर मोजतात, आणि बोटीचं तासांवर. वीस वर्षांत फक्त हंगामातले दिवस चाललेलं, वेळेवर तेल बदललेलं इंजिन पाच वर्षांच्या हलगर्जी इंजिनापेक्षा तरुण असू शकतं. म्हणून मी भाच्याला म्हटलं, “वय राहू दे. मला तीन गोष्टी सांग. ते इंजिन आजवर कितीदा उघडलं? त्याचं सामान बाजारात मिळतं का? आणि बोट घेतल्यावर तुझ्या हातात किती पैसे उरतात?”

पहिल्या दोन प्रश्नांवर तो बोलला. तिसऱ्यावर गप्प बसला. कारण पंधरा लाख गेल्यावर हातात काहीच उरत नव्हतं. माझ्या मते सगळा विषय याच तिसऱ्या प्रश्नात आहे. बोटीची खरेदीची किंमत वेगळी आणि पाण्यात उतरायची किंमत वेगळी. जुन्या इंजिनाच्या व्यवहारात फसगत होते ती बहुतेकदा या दोन किमती एकच समजल्यामुळे.

आता रस्त्यावरचं इंजिन आणि पाण्यातलं इंजिन यात फरक काय, तो आधी सांगतो. आपल्याकडच्या किती तरी मासेमारी बोटींवर मुळात ट्रकसाठी घडवलेलं इंजिन असतं, समुद्रासाठी त्याची थंड करायची व्यवस्था आणि गिअरबॉक्स बदललेला असतो. पण ट्रकचं आयुष्य बघा. चाकणहून माल भरून निघालेला ट्रक चढाला जोर लावतो, उताराला विसावा घेतो, सिग्नलला थांबतो. बोटीला उतार नाही. जाळं ओढणारी बोट म्हणजे तासन् तास खंडाळ्याचा घाट चढणारा ट्रक. इंजिनाला उसंत नाही. म्हणून ट्रकमध्ये आणखी चार वर्षं निघतील असं इंजिन बोटीत एका हंगामात मान टाकू शकतं.

दुसरा फरक पाण्याचा. ट्रकचा रेडिएटर वाऱ्यावर थंड होतो. बोटीत एका बाजूनं इंजिनाचं गोडं पाणी आणि दुसऱ्या बाजूनं समुद्राचं खारं पाणी, मध्ये तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या. त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. खाऱ्या पाण्यानं नळ्यांत क्षार बसतो. जस्ताचे तुकडे लावतात, ते अशासाठी की गंजानं आधी जस्त खावं आणि बाकीचं वाचावं. ते जस्त संपलं आणि कुणी बदललं नाही, तर गंज पुढच्या धातूकडे वळतो. हे बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसतो तो फक्त नवा रंग. विकाऊ इंजिनाला ताजा रंग दिसला की मला आनंद होत नाही. मी त्या रंगाखाली काय झाकलंय ते बघायला वाकतो.

आणि तिसरा फरक सगळ्यांत मोठा. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून ढकलतो, नाहीतर चहा पीत मेकॅनिकची वाट बघतो. समुद्रात उतरायला जागा नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ आलं, तेव्हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या किती तरी बोटी बाहेर होत्या, आणि अनेक मच्छीमार घरी परतले नाहीत. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं आणि दापोलीच्या किनाऱ्यानंही त्याचा तडाखा सोसला. वारा फिरला की हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला धावतात. त्या वेळी इंजिनानं एकाच हाकेला ओ द्यायला हवी.

मी हर्णैला गेलो. नाखवा सत्तरीचा, शब्दाला पक्का माणूस. मी खाली इंजिनाच्या खोलीत उतरलो आणि काही न बोलता इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवला. ब्लॉक कोमट होता. म्हणजे आम्ही येण्याआधी कुणीतरी ते चालवून घेतलं होतं. गरम इंजिन कुठलंही चालू होतं. परीक्षा असते ती थंड इंजिनाची. मी म्हटलं, “नाखवा, आज राहू दे. उद्या पहाटे येतो. मी येईपर्यंत कुणी हात लावू नका.” नाखवा हसला. म्हणाला, “पोरानं सवयीनं चालवलं असेल. या उद्या.” दुसऱ्या दिवशी पहाटे ब्लॉक थंडगार होता.

त्या पहाटे आम्ही जे बघितलं ते क्रमानं सांगतो, कारण जुना जनरेटर घ्या, ट्रॅक्टर घ्या नाहीतर टेंपो घ्या, क्रम हाच.

आधी इंजिन बंद असताना तेलाची पट्टी काढून बघायची. तेल काळं असेल तर घाबरायचं नाही, डिझेल इंजिनाचं तेल काळं होतंच. पण ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर तेलात पाणी शिरलंय. मग गॅस्केट, हेड नाहीतर लायनरचं रबर यांपैकी काहीतरी गेलंय. इथलं तेल काळं होतं, दुधाळ नव्हतं.

मग सेल्फ मारायचा आणि नजर धुराच्या नळीवर ठेवायची. धुराचे तीन रंग. थंड इंजिनाला सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो, तो न जळलेल्या डिझेलचा. काही मिनिटांत निवळला तर ठीक. गरम झाल्यावरही पांढराच राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी जात असण्याची शक्यता. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. रिंगा, लायनर नाहीतर व्हॉल्व्हची गाइड झिजलेली. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. नोझल, पंप, तुंबलेला एअर फिल्टर किंवा झेपत नाही एवढं ओझं. आमच्या इंजिनानं तिसऱ्या सेल्फला ओ दिली, पांढरा धूर टाकला, तो निवळला, आणि मग अंगात जरा निळसर झाक उरली.

मग तेल भरायचं झाकण काढून बघायचं. तिथून वाफेसारखे झोत यायला लागले तर सिलिंडरमधला दाब रिंगांच्या कडेनं खाली गळतोय. मेकॅनिक लोक म्हणतात, इंजिन ‘बॅक मारतंय’. हे थोडं मारत होतं.

मग तेलाचा दाब. थंड इंजिनात काटा चारवर होता. तो बघून गिऱ्हाईक खूष होतो. पण थंडपणी तेल घट्ट असतं, दाब दिसणारच. इंजिन पुरतं गरम होऊ दे, मग आयडलिंगला काटा कुठे येतो ते बघ, असं मी भाच्याला सांगितलं. तासाभरानं काटा एकच्या खाली आला. याचा अर्थ क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट वाढली आहे.

हे सगळं बोट बांधलेली असताना. पण खरी परीक्षा पाण्यावर, ओझ्याखाली. बोट बाहेर काढली, पूर्ण थ्रॉटल दिला. या इंजिनाचे फेरे मिनिटाला अठराशेपर्यंत जायला हवे होते. ते साडेपंधराशेवर अडकले आणि धूर काळा झाला. इथे एक ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दहा टक्के कमी केले तर ताकद जवळजवळ सत्तावीस टक्के कमी लागते. म्हणून अडीचशे फेरे कमी पडणं ही किरकोळ गोष्ट नाही. दोष इंजिनाचा असेल, बोटीच्या तळाला चिकटलेल्या कालव-शेवाळाचा असेल, किंवा पंखाच बोटीला मोठा असेल. बोट वाळूवर ओढल्यावर कळलं की तळ साफ होता आणि पंखा मूळचाच होता. उरलं इंजिन.

लाकडाचं मला कळत नाही, म्हणून गावातल्या जाणत्या सुताराला घेतलं. त्यानं हातोडीच्या दांड्यानं फळी फळी वाजवली. पाण्याच्या रेषेखाली अणकुचीदार सळई टोचून बघितली. दोन फळ्या बदला म्हणाला, बाकी बोट तुम्हाला पुरून उरेल. कागदांचं काम भाच्यानं केलं. नोंदणीतला इंजिन नंबर आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर जुळतो का, बोटीवर बँकेचा बोजा आहे का, मच्छीमार संस्थेची थकबाकी आहे का, परवाना कुठल्या प्रकारच्या मासेमारीचा आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं पर्ससीन मासेमारीवर राज्यात निर्बंध आले, त्यामुळे परवान्याचा प्रकार न बघता बोट घेणं म्हणजे पाण्यात असलेली म्हैस विकत घेणं. डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत मिळतो, तोही कागद सरळ असले तरच.

शेवटी मी नाखव्याला विचारलं, “इंजिन कितीदा उघडलंत?” त्यानं पत्र्याच्या पेटीतून एक वही काढली. श्रोतेहो, ती वही बघून मला टेस्ट बेडची आठवण झाली. तेल कधी बदललं, पंप कधी कॅलिब्रेट केला, सगळं तारखेसह. आणि त्यात एक ओळ होती, शेवटच्या कामाच्या वेळी क्रँक तीसवर घासला.

याचा अर्थ सांगायला हवा. क्रँकशाफ्ट झिजला की त्याचे जर्नल घासून पुन्हा गोल करतात आणि तेवढं जाड बेअरिंग घालतात. हे घासणं ठरावीक मापातच होतं. दहा, वीस, तीस, चाळीस, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. चाळीसनंतर बहुतेक इंजिनांना माप उरत नाही, क्रँक बदलावा लागतो. म्हणजे या इंजिनाचा क्रँक आणखी एकदाच घासता येणार होता. वीस वर्षांचं वय मला काही सांगत नव्हतं. वहीतल्या ‘तीस’ या एका आकड्यानं सगळं सांगितलं.

आता निर्णय. भाचा म्हणाला, “मामा, अजून एक हंगाम काढेल की! एक हंगाम मारून नेऊ, मग त्याच पैशांतून काम करू.” बहुतेक सगळे असाच विचार करतात. हा विचार मूर्खपणाचा नाही, गरजेचा आहे. पण त्याचा हिशोब मांडू या. झिजलेलं इंजिन तासाला दोन लिटर डिझेल जास्त पितं असं धरा. दिवसाला दहा तास, वर्षाला दोनशे दिवस, म्हणजे चार हजार लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तर तीन लाख साठ हजार. एवढ्यात इंजिनाचं पूर्ण काम होतं. म्हणजे ‘एक हंगाम मारून नेणं’ फुकट नाही. पैसे जातातच, फक्त धुराच्या नळीतून जातात म्हणून दिसत नाहीत. आणि हंगामाच्या मध्यात इंजिन बसलं तर वेगळंच.

मी त्याला एकच सूत्र सांगितलं. जुन्या बोटीच्या हिशोबात इंजिनाची किंमत शून्य धर. शून्यच नाही, ते पूर्ण उघडून बांधायचा खर्च वजा धर. त्यावर बोट परवडत असेल तर घे. परवडत नसेल तर बोट कितीही देखणी असली तरी पाय मागे घे.

हे नाखव्याला सांगणं अवघड होतं. तो म्हणाला, “इंजिनाला शून्य म्हणता? या इंजिनानं माझ्या दोन पोरींची लग्नं केली.” मी म्हटलं, “नाखवा, तुमच्या इंजिनाला नावं ठेवत नाही. पण त्याला हिशोबात शून्य धरलं नाही, तर ते उघडायला या पोराच्या हातात पैसा राहणार नाही. मग हेच इंजिन त्याला आणि पाच खलाशांना घेऊन बाहेर जाणार.” नाखवा बराच वेळ समुद्राकडे बघत राहिला. तो स्वतः चाळीस वर्षं बाहेर गेलेला माणूस. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. पंधराचे अकरा झाले. चार लाख भाच्याकडे राहिले, आणि आम्ही ठरवलं की त्यातला रुपयाही जाळ्याला किंवा रंगाला लावायचा नाही.

सौदा मे महिन्यात केला, तोही मुद्दाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ते ६१ दिवस म्हणजे इंजिनाची सुट्टी आणि फिटरचा हंगाम. हेड, पंप आणि क्रँक टेंपोत घालून ताम्हिणीमार्गे भोसरीला आणलं. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत या कामाच्या गल्ल्याच आहेत. एकाकडे फक्त क्रँक घासतात, एकाकडे फक्त पंप कॅलिब्रेट करतात, एकाकडे फक्त हेडच्या सीट कापतात. बाहेर पाटी सुद्धा धड नसते, पण हात सोन्याचे.

क्रँक घासायच्या आधी मी तो तपासायला लावला. क्रँकमध्ये चुंबकत्व भरतात आणि लोखंडाच्या बारीक भुकटीचं द्रावण ओततात. तडा असेल तिथे भुकटी रेघ धरून बसते. आमच्या क्रँकच्या चौथ्या जर्नलच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ उमटली. कारागिरानं ती बोटानं पुसली, पुन्हा द्रावण ओतलं. रेघ पुन्हा उमटली. त्यानं क्रँक खाली ठेवला आणि म्हणाला, “काका, याला आता घासायला नको.”

हा तडा धुरात दिसला नव्हता, तेलाच्या दाबात दिसला नव्हता, पाण्यावरच्या परीक्षेत दिसला नव्हता, नाखव्याच्या वहीतही नव्हता. कुणी लपवलेला नव्हता, कारण कुणाला ठाऊकच नव्हता. माझ्या ३१ वर्षांच्या कानालाही तो ऐकू आला नव्हता. जुन्या इंजिनाबद्दल जाणकारांनी दिलेलं कुठलंही आश्वासन किती पोचतं, याची ही सीमा आहे. बघून जेवढं कळतं तेवढं बघावंच. पण जे बघून कळत नाही त्याच्यासाठी पैसा राखून ठेवावा.

नवा क्रँक मिळाला, कारण त्या इंजिनाची ट्रकमधली भावंडं अजून रस्त्यावर धावत आहेत आणि त्यांचं सामान बनतं आहे. माझा दुसरा प्रश्न याचसाठी होता. जुनं इंजिन घ्यायचंच तर असं घ्यावं, ज्याचं सामान दुकानात मिळतं. नाहीतर आपण भंगार बाजाराच्या दयेवर. आमच्याकडे चिखलीजवळची कुदळवाडी भंगाराच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली. ते योग्य-अयोग्य हा आजचा विषय नाही. पण जे सामान फक्त भंगारातच मिळतं त्याचा भरवसा किती, हे त्यावरून समजावं.

सगळं मिळून इंजिनाचं काम चार लाखांत, थोडं अलीकडेच बसलं. नव्या इंजिनाला याच्यापेक्षा बरंच जास्त लागलं असतं. आणि आता नव्या इंजिनांत संगणकावर चालणारे पंप येऊ लागले आहेत. ते डिझेल कमी पितात हे खरं, पण बिघडले तर लॅपटॉप घेऊन येणारा माणूस लागतो. साध्या यांत्रिक पंपाचं जुनं इंजिन हर्णैचा मेकॅनिक पान्यांच्या पेटीवर उभं करतो. तेव्हा जुनं इंजिन घेणं हा काही गरिबीचा नाइलाज नाही. तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो, पण ते इंजिन उघडून बांधायचा पैसा खिशात असेल तरच.

नारळी पौर्णिमेनंतर भाचा बाहेर पडला. पूर्ण थ्रॉटलला फेरे अठराशेला थोडे कमी, धूर जवळजवळ नाही, आणि गरम इंजिनाला आयडलिंगला तेलाचा काटा दोनच्या आसपास. नाखव्याची वही त्यानं मागून घेतली आहे आणि पुढच्या पानापासून लिहायला सुरुवात केली आहे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी फार थोडे लोक बोट घेतील. पण चाकणच्या कारखान्यांना माल पोचवायला जुना टेंपो घेणारी पोरं मी रोज बघतो. मळ्यावरचा जुना ट्रॅक्टर, मंगल कार्यालयाचा जुना जनरेटर, गिरणीचं जुनं इंजिन, या सगळ्यांचे सौदे असेच होतात. विकणारा म्हणतो, “एका सेल्फवर चालू होतं.” घेणारा सगळी पुंजी मोजून देतो आणि रिकाम्या खिशानं किल्ली घेतो. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. थंड इंजिनाला हात लावून बघा, वही मागा, सामान मिळतं का विचारा. आणि पैसे मोजायच्या आधी एक आकडा कागदावर लिहा: हे इंजिन उद्याच उघडावं लागलं तर माझ्याजवळ काय उरेल? त्या आकड्याच्या जागी शून्य येत असेल, तर ती गोष्ट तुम्हाला अजून परवडलेली नाही. मग विकणारा किती का कमी करेना.